जुनी नोट अस्सल की नक्कल? नव्या संग्राहकासाठी तपासणीची रीत

जुन्या भारतीय नोटा घेताना नवखा माणूस तीन प्रकारे फसतो. पहिला प्रकार सरळ आहे: आजच्या रंगीत प्रिंटरवर किंवा छापखान्यात काढलेली नक्कल चहाच्या पाण्यात बुडवायची, चुरगाळायची आणि ‘आजोबांच्या पेटीत सापडली’ म्हणून विकायची. दुसऱ्या प्रकारात नोट अस्सलच असते, पण तिच्यावर वरून काहीतरी छापून, तिला धुऊन, इस्त्री करून किंवा फाटलेला भाग जोडून तिची किंमत फुगवलेली असते. तिसऱ्यात नोट अस्सल असते, तिला कुणी हातही लावलेला नसतो, फक्त ती कुठेही सहज मिळणारी असताना विकणारा तिला दुर्मीळ म्हणत असतो.

तिन्हींसाठी तपासणीचं सूत्र एकच. कागद, छपाई, क्रमांक, सही, राजाचं चित्र, वापराच्या खुणा या सगळ्या गोष्टी एकाच काळातल्या दिसल्या पाहिजेत. नक्कल करणाऱ्याला यातल्या दोन-तीन छान साधतात, सगळ्या साधत नाहीत. म्हणून एका चाचणीवर निकाल देऊ नका. जिथे दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, तिथे थांबा.

हा लेख मुख्यतः १८६१ ते १९५० च्या आसपासच्या नोटांबद्दल आहे, कारण नकला जास्त याच काळातल्या निघतात.

जवळ काय ठेवायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजी वापरतात तसं चालेल), ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च, मिलिमीटरची पट्टी आणि खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेली एक अस्सल, स्वस्तातली जुनी नोट. या शेवटच्या गोष्टीत बहुतेक जण कंजुषी करतात. जॉर्ज सहाव्याची १९४० ची एक रुपयाची नोट भरपूर छापली गेली आणि वापरलेल्या अवस्थेत ती अजून परवडते. ती हातात घेऊन, भिंगाखाली धरून तासभर बघा. डोळ्यांना आणि बोटांना अस्सल काय असतं ते एकदा कळलं की पुढचं काम निम्मं होतं. वर्णनं वाचून ती ओळख होत नाही.

पायरी १: नोट कुठल्या काळाची आहे ते ठरवा

विकणारा सांगतो ते बाजूला ठेवा आणि नोट वाचा. त्यासाठी थोडा इतिहास लागतो.

१८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारकडे आला. त्याआधी बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या प्रेसिडेन्सी बँका आपापल्या नोटा काढत. बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर मुंबईचा टाउन हॉल आणि मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन, माल्कम यांची चित्रं असत. मुंबईकराला हे फार मोहात पाडतं. पण अशी नोट रस्त्यावरच्या पथारीवर पाच हजाराला मिळत असेल तर ती छायाप्रत आहे असंच धरून चाला. या नोटा संग्रहालयांत आणि मोठ्या लिलावांतच दिसतात.

सरकारच्या पहिल्या नोटांवर राणी व्हिक्टोरियाचं छोटं चित्र होतं. त्यांच्या बनावट नोटा निघू लागल्यावर १८६७ पासून हिरव्या पार्श्वछपाईच्या, एकाच बाजूला छापलेल्या नोटा आल्या. त्यांवर कुणाचंच चित्र नव्हतं. राजाचं चित्र परत आलं ते पहिल्या महायुद्धात. चांदी महागली, रुपयाच्या नाण्यांची टंचाई झाली आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी पंचम जॉर्जचं चित्र असलेली एक रुपयाची नोट निघाली. पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची निघाली. दोन्ही १ जानेवारी १९२६ पासून बंद झाल्या. दरम्यान मे १९२३ मध्ये दहा रुपयांच्या नोटेवर राजाचं मोठं चित्र आलं होतं. १९२८ मध्ये नाशिकला करन्सी नोट प्रेस सुरू झाला आणि १९३२ पर्यंत सगळ्या भारतीय नोटा तिथेच छापल्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँक स्थापन झाली १ एप्रिल १९३५ ला, पण तिची स्वतःची पहिली नोट, जॉर्ज सहाव्याची पाच रुपयांची, आली जानेवारी १९३८ मध्ये. एक रुपयाची अशोकस्तंभाची नोट १९४९ ची.

एवढ्यावरूनच बऱ्याच नकला बाद होतात. सप्तम एडवर्डचं चित्र भारतीय नोटेवर कधीच आलं नाही, त्याच्या कारकिर्दीतल्या नोटा बिनचित्राच्या आहेत. अष्टम एडवर्डच्या नोटांची तयारी झाली, पण त्याने गादी सोडली आणि त्या चलनात आल्याच नाहीत. ‘रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया’ हे नाव आणि पंचम जॉर्जचा चेहरा एकाच नोटेवर दिसला तर भिंग काढायचीही गरज नाही.

पायरी २: हातात घ्या, उजेडात तिरपी धरा

जुन्या नोटांचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणजे कापूस-लिननच्या धाग्यांचा असे. तो वापरून मऊ पडतो, मळतो, पण झेरॉक्सच्या कागदासारखा घडीवर मोडत नाही आणि त्याची पूडही होत नाही. कोरी नोट बोटांत हलवली तर तिला खणखणीत कुरकुर असते.

मग वापराच्या खुणा बघा. खरी मळ घडीत साठते, कारण घडी वर्षानुवर्षं तीच पडलेली असते. कोपरे गोल झालेले असतात, मधल्या घडीवर कागद विरळ झालेला असतो, कडा मधल्या भागापेक्षा मळकट असतात. चहाने रंगवलेल्या नोटेचा रंग सगळीकडे सारखा पसरलेला दिसतो. जिथे पाणी शेवटी वाळलं तिथे कडेला गडद रेघ उमटते आणि घडी उलगडली तर आतही तोच रंग असतो. कागद अगदी जुनाट पण कोपरे टोकदार, हा विसंवाद फार वेळा सापडतो.

टाचणी आणि स्टेपलची भोकं बघून नवखे लोक नोट नाकारतात. तसं करू नका. आपल्याकडे बँका नोटांच्या गड्ड्या टाचून ठेवत. स्टेपल मारणं बंद करण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये दिला. त्यामुळे न वापरलेल्या जुन्या नोटेलाही डाव्या बाजूला भोकं असणं स्वाभाविक आहे. भोकाच्या कडेला गंजाची तांबूस कड असेल आणि ती कागदात मुरलेली असेल तर उलट चांगलं.

१९१७ च्या एक रुपयाच्या नोटेची डावी कड मुद्दाम पाहा. या नोटा पंचवीस-पंचवीसच्या पुस्तिकांत मिळत आणि तिकिटासारख्या छिद्रांच्या रेघेवरून फाडून घेत. त्यामुळे डाव्या कडेवर अर्धवट छिद्रांचे दात दिसू शकतात. बऱ्याच नोटांचे हे दात झिजून किंवा कापले जाऊन गेलेले आहेत, तरी नोट अस्सल असते. पण दात आहेत आणि ते फाटलेल्या धाग्यांचे नसून नुसते छापलेले आहेत, असं भिंगातून दिसलं तर निकाल लागला.

एकाच बाजूला छापलेल्या जुन्या मोठ्या नोटांची आणखी एक गंमत आहे. टपालात चोरी होऊ नये म्हणून व्यापारी नोट मधोमध कापत, एक अर्धा आधी पाठवत, तो पोचल्याची खबर आली की दुसरा. पोचल्यावर दोन्ही जोडून चालवत. मधोमध कापून जुन्या कागदपट्टीने जोडलेली नोट दिसली तर ती ‘खराब’ म्हणून टाकू नका. फक्त दोन्ही अर्ध्यांवरचा क्रमांक एकच आहे ना, ते तपासा.

पायरी ३: उजेडासमोर धरा

वॉटरमार्क कागद बनतानाच त्यात येतो: काही ठिकाणी लगदा जाड, काही ठिकाणी पातळ. म्हणून तो उजेड मागून आला की स्पष्ट दिसतो, टेबलावर सपाट ठेवला की जवळजवळ नाहीसा होतो. एकाच बाजूला छापलेल्या नोटांत ‘गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया’ हे शब्द आणि लहरी रेघा असतात, पुढच्या नोटांत राजाचं मस्तक. मस्तकात सावल्यांच्या छटा हळूहळू बदलतात. नकलेत वॉटरमार्क फिक्या किंवा तेलकट शाईने छापलेला असतो. तो टेबलावरही दिसतो, त्याची बाह्यरेषा कडक असते आणि आतल्या छटा नसतात.

जॉर्ज सहाव्याच्या नोटांत दोन प्रकार दिसले म्हणून गोंधळू नका. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी चांगल्या प्रतीच्या बनावट नोटा काढल्यामुळे वॉटरमार्क बदलावा लागला. आधी राजाचं बाजूने दिसणारं मस्तक होतं, मग समोरून दिसणारा चेहरा आला आणि सुरक्षा धागाही भारतात तेव्हाच पहिल्यांदा घातला गेला. म्हणजे धागा नसलेली १९३८ ची नोट बरोबर आहे. धागा असलेली पंचम जॉर्जची नोट मात्र संशयास्पद आहे.

पायरी ४: भिंग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

राजाच्या दाढीवर किंवा मुकुटावर भिंग धरा. अस्सल नोटेत चित्र रेषांचं असतं. प्रत्येक रेषा एका रंगाची, सलग आणि भरीव असते. हिरवा हवा असेल तिथे हिरवी शाईच वापरलेली असते. आजच्या छापखान्यातल्या नकलेत तोच हिरवा निळ्या आणि पिवळ्या ठिपक्यांतून तयार केलेला असतो. दाढीच्या जागी लाल, निळ्या, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची जाळी दिसली की पुढे काही बघायला नको. इंकजेटच्या नकलेत शाई धाग्यांबरोबर पसरते आणि रेषेच्या कडा केसाळ होतात. लेझर प्रिंटरची काळी पूड वितळून कागदावर चकचकीत थर बसवते आणि अक्षराभोवती, जिथे काहीच छापलेलं नसायला हवं तिथे, बारीक काळे कण उडालेले असतात.

आता क्रमांक. जुन्या नोटांचे क्रमांक नोट छापून झाल्यावर वेगळ्या यंत्राने, धातूच्या अंकांनी दाबून छापत. त्यामुळे अंकाच्या कडेला शाईची किंचित जाड किनार दिसते, मधला भाग जरा फिका असतो, एखादा अंक ओळीतून थोडा वरखाली असतो. नोट उलटी करून तिरप्या उजेडात पाहिली तर मागे दाब जाणवू शकतो. खूप वापरलेल्या किंवा दाबून सपाट केलेल्या नोटेत तो गेलेला असतो, पण किनार राहते. नकलेत क्रमांक बाकी चित्राच्याच ठिपक्यांत असतो. बारकाईने रेषा काढणारे नक्कलकारही क्रमांकापाशी कंटाळतात. एकाच विक्रेत्याकडच्या तीन ‘वेगवेगळ्या’ नोटांवर एकच क्रमांक सापडणं ही तर अगदी नेहमीची गोष्ट. म्हणून ‘अजून आहेत का?’ असं जरूर विचारा.

‘खरी नोट बोटाला खरबरीत लागते’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो आजच्या नोटांना ठीक आहे, जुन्यांना सरसकट लावू नका. उठावाची छपाई सगळ्या जुन्या भारतीय नोटांवर नाही. बोट गुळगुळीत फिरलं म्हणून नोट खोटी ठरत नाही. ठिपके दिसले तर ठरते.

पायरी ५: यूव्ही टॉर्च

कागद पांढरा शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकदार रसायनं साधारण १९५० च्या दशकापासून वापरात आली. त्याआधीचा कागद अंधारात यूव्हीखाली मंद, पिवळट-करडा दिसतो. निळसर पांढरा झगझगला तर दोन शक्यता आहेत: कागद नवा आहे, किंवा कुणीतरी अस्सल नोट कपड्यांच्या साबणाने धुतली आहे, कारण साबणातही तीच रसायनं असतात. धुतलेल्या नोटेचे रंग फिके पडतात आणि कागदाचा कडकपणा जातो. भिंगातून रेषा अस्सल दिसल्या तर ती धुतलेली, ठिपके दिसले तर नक्कल. न चमकणं हा मात्र अस्सलपणाचा पुरावा नाही. जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर छापलेली नक्कलही चमकत नाही.

पायरी ६: सही आणि काळ यांचा मेळ

इथे भिंग खाली ठेवून डोकं वापरायचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही, कारण बँकेची पहिली नोट येण्याआधीच त्यांनी पद सोडलं होतं. १९३८ च्या नोटांवर सर जेम्स टेलर यांची सही असते. त्यांच्यानंतर १९४३ मध्ये आले चिंतामणराव देशमुख, पहिले भारतीय गव्हर्नर आणि आपल्या रायगड जिल्ह्यातले. मराठी घरांत त्यांच्या सहीची नोट कौतुकाने जपलेली असते, ते योग्यच आहे. पण त्या नोटा पुष्कळ छापल्या गेल्या, तेव्हा केवळ सहीसाठी अवाच्या सवा किंमत देऊ नका.

मेळ बघताना तारखेला फार काटेकोर धरायचं नाही. टेलर फेब्रुवारी १९४३ मध्ये वारले आणि जॉर्ज सहाव्याची दोन रुपयांची नोट मार्च १९४३ मध्ये बाहेर पडली, तरी तिच्यावर टेलर यांची सही सापडते, कारण छपाई आधीच झाली होती. १९४० च्या एक रुपयावर तर पुढची काही वर्षं तेच साल छापलं जात राहिलं. आणि हो, ती एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नाही, भारत सरकारची आहे. तिला नाण्याचा दर्जा होता आणि तिच्यावर सही सरकारचे अर्थसचिव सी. ई. जोन्स यांची असते. त्या नोटेवर गव्हर्नरची सही दिसली तर काहीतरी चुकलं आहे.

अस्सल नोटेवरची खोटी भर

नक्कल ओळखायला शिकल्यावर हीच जागा सगळ्यात धोक्याची. १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला तेव्हा पंचम जॉर्जच्या काही नोटांवर ‘फक्त ब्रह्मदेशात चालेल’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापला गेला. १९४८ मध्ये नाशिकला छापलेल्या भारतीय नोटांवर ‘गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान’ हा मजकूर घालून त्या तिकडे पाठवल्या. अशा नोटांना साध्या नोटेपेक्षा कितीतरी जास्त किंमत येते, म्हणून साध्या नोटेवर तो मजकूर हल्ली कुणी छापून देतं. भिंगातून बघा: मजकूर घडीवरून जातो तिथे काय होतं? मजकूर आधीचा असेल तर घडीवर त्याचीही शाई झिजलेली, तुटलेली असते. घडी आधीची आणि मजकूर नंतरचा असेल तर शाई भेगेत उतरलेली आणि मळीच्या वर बसलेली दिसते. हा एक कसब नीट शिकून घ्या, रबरी शिक्क्यांनाही तो तसाच लागू पडतो.

जपानने ब्रह्मदेश व्यापला तेव्हा रुपयांत छापलेल्या त्यांच्या नोटा अस्सल आहेत, पण ढिगाने उपलब्ध आहेत. वर ‘द जपानीज गव्हर्न्मेंट’ असं लिहिलेलं असतं. त्या ‘ब्रिटिशकालीन दुर्मीळ’ म्हणून घेऊ नका. आझाद हिंद बँकेच्या नावाच्या नोटांपासून नवख्याने दूरच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. नेताजींबद्दलच्या आदराचा गैरफायदा घेऊन त्या विकल्या जातात, आणि हे मला संतापजनक वाटतं.

मराठवाडा आणि गोवा

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत निजामाच्या उस्मानिया सिक्क्याच्या नोटा निघतात. त्या हैदराबादच्या १९१८ च्या कायद्याने सुरू झाल्या. त्यांवर फसली सन (निजामी राज्यातली महसुली कालगणना) असतो, त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. १३३१ फसली म्हणजे १९२१ च्या सुमाराचा. विक्रेता सांगतो ते वर्ष आणि हे गणित जुळतं का पाहा.

गोव्यातल्या नोटा बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या. आधी रुपियांत, मग २ जानेवारी १९५९ या तारखेच्या एस्कुदोंत. ३०, ६०, ३००, ६०० एस्कुदोंच्या नोटा बघून लोक हे आकडे खोटे असावेत असं म्हणतात. ते खरेच आहेत: एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर ठरला होता, म्हणजे तीस एस्कुदो बरोबर पाच रुपिया. या मालिकेवर अफोन्सो दे अल्बुकर्कचं चित्र आहे.

घेताना

पहिले काही महिने नुसतं बघा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मौद्रिक संग्रहालय आहे. तिथे अस्सल नोटा काचेआड का होईना, रांगेने बघायला मिळतात. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार डोळे तयार करायला उत्तम, पण महागाची नोट तिथे घेऊ नका.

नोटेबरोबर येणारी गोष्ट हा पुरावा नव्हे, मग ती खऱ्या घटनेवर बेतलेली का असेना. लंडनहून मुंबईला नोटा घेऊन निघालेलं एसएस शिराला हे जहाज १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलं आणि काही नोटा वाहत किनाऱ्याला लागल्या, हे खरं आहे. पण पाण्याचा डाग कुठल्याही नोटेला पाच मिनिटांत देता येतो.

‘ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो’ असल्या जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचं नाव असलं तरी विश्वास ठेवू नका. जुन्या नोटांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कुठलंही शुल्क मागत नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. विकण्याआधी ‘नोंदणी फी’ मागणारा माणूस भामटाच समजा.

ऑनलाइन घेताना नोटेच्या दोन्ही बाजूंचे, शिवाय उजेडासमोर धरलेला आणि क्रमांकाचा जवळून काढलेला असे फोटो मागवा. प्लास्टिकच्या सीलबंद खोक्यातली, दर्जा ठरवलेली नोट असेल तर खोक्यावरचा क्रमांक दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातली नोट ताडून पाहा. खोकीही खोटी निघतात. घरी आणलेली नोट लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका.

पावतीवर नोटेचं मूल्य, साल, सही, पूर्ण क्रमांक आणि ‘अस्सल नसल्यास पैसे परत’ हे शब्द लिहून घ्या, मुदतीसकट. जुने, नाव राखून असलेले डीलर हे न मागता लिहून देतात. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून नोट घेऊ नका, ती कितीही सुंदर असली तरी.